घरात वहिनी, शाळेत टीचर, देवळात हेडमिस्ट्रेस

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात मी गेली 17 वर्षे गणित शिकवते. दीड वर्षापूर्वी मुख्याध्यापिकेचा कार्यभार माझ्याकडे आला. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, एकूण 214 मुले. शाळा आमच्याच गावात आहे. माझी मुलगी इथेच आठवीत शिकते. थोरले दीर व्यवस्थापन समितीवर आहेत आणि आम्ही सगळे एकाच घरात राहतो. यजमान वेर्ण्याला शिफ्टमध्ये नोकरी करतात, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. दुपारी दोनला मी घरी येते, पण शाळा काही सुटत नाही. पालक ओसरीवर येऊन बसतात, देवळात गाठतात, व्हॉट्सॲप रात्री अकरापर्यंत वाजत असते. नाटकाचे उद्घाटन, फुगडी स्पर्धेचे परीक्षण, क्लबाचा वार्षिक कार्यक्रम, सगळीकडून बोलावणे. नाही म्हटले तर 'खुर्ची मिळाली आणि बदलली' असे ऐकावे लागते. मुलीला वक्तृत्वात पहिले बक्षीस मिळाले तेव्हा कुजबुज झाली, आता ती कुठल्याच स्पर्धेत उतरायला तयार नाही. घर, शाळा आणि गाव यांचा मेळ कसा घालू? की पदच सोडू?"

ताई,

पद सोडायचे की नाही ते निदान पुढच्या दहावीच्या निकालापर्यंत ठरवू नका. वेळ पुरत नाही असे तुम्हाला वाटते, पण तुम्ही लिहिलेल्यातले फार थोडे वेळेवर अवलंबून आहे. पहाटे पाचला उठून कितीही काटेकोर वेळापत्रक लावले तरी दीर जेवताना शाळेचा विषय काढतील आणि मुलीच्या प्रशस्तिपत्रावर सही तुमचीच असेल. एकाच बाईकडे गाव कधी वहिनी म्हणून येते, कधी शेजारीण म्हणून, कधी हेडमिस्ट्रेस म्हणून. आत्ता आपण यांतल्या कोणाशी बोलतो आहोत हे समोरच्याला कळत नाही, कारण तसे कळण्याची काही सोयच केलेली नाही. म्हणून कामांची यादी राहू द्या. जे निर्णय तुमच्या हातून होता कामा नयेत, त्यांची यादी आधी करा. आमच्या हिशेबाने ती तीन ठिकाणी लागते: मुलगी, दीर, आणि नात्यातला कोणीही उमेदवार किंवा पुरवठादार.

आधी मुलीचे, कारण तिच्यापुरते काम लगेच करता येते आणि सध्या सर्वात जास्त झळ तिलाच बसते आहे.

एकच तुकडी असल्यामुळे ती कधी ना कधी तुमच्या गणिताच्या वर्गात येणारच. तुमच्याकडे विज्ञान-गणिताचे दुसरे शिक्षक असतील तर त्यांना आठवीच्या या मुलांबरोबर नववी आणि दहावीपर्यंत वर जाऊ द्या. तुम्ही तिच्या मागची आणि पुढची इयत्ता घ्या. पुढच्या वेळापत्रकापासून ही अदलाबदल झाली तर दहावीपर्यंतचा प्रश्न एका कागदावर मिटतो. दुसरे शिक्षक नसतीलच, तर शिकवा तुम्ही, पण घटक चाचणीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत त्या वर्गाची गणिताची प्रश्नपत्रिका शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांकडून काढून घ्या आणि त्यांची एक तुम्ही काढा. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर दहा गठ्ठ्यातून बाजूला काढा: सर्वाधिक गुणांच्या तीन, सर्वात कमी गुणांच्या तीन, मधल्या तीन आणि तुमच्या मुलीची. त्या दुसऱ्या शिक्षकाला फेरतपासणीसाठी द्या. फरक दोन गुणांहून जास्त निघाला तर सगळा गठ्ठा पुन्हा तपासायचा. ही पद्धत शिक्षकांच्या बैठकीत सांगून सूचना वहीत लिहून ठेवा, म्हणजे ती केवळ तुमच्या मुलीसाठी काढलेली वाटत नाही. खरे तर ज्यांची मुले याच शाळेत आहेत त्या प्रत्येक शिक्षकाला ती लागू करावी.

प्रश्नपत्रिका घरच्या लॅपटॉपवर टाइप करू नका. हे क्षुल्लक वाटते, पण संशय बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. टायपिंग शाळेच्या संगणकावर, छपाई शाळेत, पाकिटावर दोघांच्या सह्या, पाकीट शाळेच्या कपाटात, आणि किल्ल्यांपैकी एक परीक्षाप्रमुखाकडे. गठ्ठे तपासायलाही घरी नेऊ नका. ती दहावीला जाईल त्या वर्षी तुमचे जवळचे नातलग परीक्षेला बसत असल्याचे गोवा शालान्त मंडळाला वेळेत लेखी कळवा आणि परीक्षा केंद्राचे कोणतेही काम स्वतःकडे घेऊ नका.

आता बक्षीस. कुजबुज मुलीच्या भाषणावर झालेली नाही, निकाल कसा तयार झाला ते कोणी पाहिले नाही म्हणून झाली. परीक्षक बाहेरचे घ्या, तीन असले तर उत्तम. प्रत्येकाची गुणपत्रिका वेगळी आणि त्यावर त्याची सही. बेरीज तिथेच, स्पर्धाप्रमुखाच्या समोर. निकाल त्याच दिवशी व्यासपीठावरून जाहीर. निकालाचा कागद जाहीर होण्याआधी तुमच्या टेबलावर येऊच नये. गुणपत्रिका वर्षअखेरपर्यंत फाइलला लावून ठेवा, पालकाने मागितली तर दाखवता येते. बक्षीस पाहुण्यांच्या हस्ते, प्रशस्तिपत्रावर सही स्पर्धाप्रमुखाची. एवढे केल्यावर मुलीला स्पर्धेत जरूर उतरू द्या. "लोक बोलतात म्हणून तू थांब" असे तिला सांगणे म्हणजे तिने न केलेल्या चुकीची शिक्षा तिला देणे.

याच्या उलटही होते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मुख्याध्यापिका स्वतःच्या मुलीलाच सर्वांसमोर जास्त झापतात, तिचा हात वर असला तरी तिला विचारत नाहीत, नाटकात तिला मुद्दाम झाडाचे काम देतात. मुलांना हे बरोबर कळते, आणि मुलगी घरी येऊन गप्प राहू लागते. शिस्तीचा तिचा विषय आला तर तो ज्येष्ठ शिक्षकाकडे जाईल असे आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे तुम्हाला मऊही व्हावे लागणार नाही आणि कठोरही.

पालकसभेला तिचे पालक म्हणून यजमानांनी यावे. प्रगतीपुस्तकावर सही त्यांची, वर्गशिक्षकांशी बोलणे त्यांचे. तारखा सत्राच्या सुरुवातीलाच ठरतात, त्यामुळे शिफ्ट बदलून घ्यायला त्यांना पुरेसा अवधी मिळतो. शाळेत तिने तुम्हाला टीचर म्हणावे, डबा वर्गात खावा, सुटल्यावर तुमच्या केबिनमध्ये थांबू नये, मैत्रिणींबरोबर बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने, किंवा चालत घरी जावे. "तुझ्या आईला सांग" म्हणून तिच्याकडे आलेला एकही निरोप तुम्ही ऐकून घेऊ नका. ती सांगू लागली तर, "ज्यांना सांगायचे आहे ते वर्गशिक्षकांना सांगतील" एवढेच म्हणा. दोन-तीन निरोप असे परत गेले की मुले तिच्याकडे यायची थांबतात.

दिरांचा विषय याहून नाजूक आहे. तुमचे काम पाहणाऱ्या समितीवर ते आहेत, आणि तुम्ही त्यांच्याच घरात राहता. त्यांनी आजवर काही गैर केलेले नसेल, तरी समितीच्या अध्यक्षांना कळण्याआधी शाळेची बातमी तुमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्यापर्यंत पोचते हे गावाला माहीत आहे. बहुतेक व्यवस्थापनांत ठिणगी इथेच पडते. अध्यक्ष नाराज होतात, त्यांना वाटते निर्णय घरी ठरून येतात, मग ते तुमच्या साध्या प्रस्तावालाही आडवे लावतात.

तर समितीला एक पत्र द्या. मजकूर साधारण असा: "माझे दीर समितीचे सदस्य आहेत. माझी नेमणूक, रजा, कामाचे मूल्यमापन, माझ्याविरुद्धची तक्रार किंवा माझ्या मुलीशी संबंधित विषय समितीसमोर येईल तेव्हा त्या विषयापुरते ते चर्चेत व मतदानात भाग घेणार नाहीत आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी, ही विनंती. आमच्या नात्यातील व्यक्ती नोकरी, पुरवठा किंवा दुरुस्तीच्या कामासाठी अर्ज करील तेव्हा मीही निवडीच्या प्रक्रियेबाहेर राहीन व माझ्या जागी ज्येष्ठ शिक्षकांना घ्यावे." आवक क्रमांक घालून प्रत स्वतःकडे ठेवा.

पण हे पत्र समितीत अचानक उघडले गेले तर घरात दोन चुली व्हायची वेळ येईल. आधी दिरांशी बोलणे हवे, आणि ते तुमच्या आधी यजमानांनी करावे. भावाने भावाला सांगितलेले टोचत नाही. सांगायचे एवढेच की उद्या चुलत भावाच्या मुलीने तात्पुरत्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला आणि तिची निवड झाली, तर पहिले बोट त्यांच्याकडे जाईल, आणि अशा वेळी हे पत्र त्यांनाच वाचवील. ते नाही म्हणाले तरी तुमच्यापुरता भाग, म्हणजे नात्यातल्या उमेदवाराच्या वेळी तुम्ही बाहेर राहणार हा भाग, लिहून द्याच. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

व्यवस्थापनाशी बोलायची जागा आणि वेळही एकच ठेवा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर 45 मिनिटे, अध्यक्ष किंवा सचिवांबरोबर, शाळेच्याच कार्यालयात. आदल्या गुरुवारी पाच-सहा विषयांचे टिपण त्यांना पोचलेले असावे: पटसंख्या, वेतन व अनुदानाचे कागद कुठवर आले, दुरुस्ती, तक्रारी, पुढच्या महिन्याचे कार्यक्रम. घरी जेवताना दिरांनी विषय काढला तर, "भावोजी, टिपणात घालते, शनिवारी घेऊ." चिडून नाही, रोज त्याच सुरात. पहिला महिना त्यांना ते लागेल, नंतर तेच इतरांना सांगतील.

आता गाव. ओसरीवर येणाऱ्या पालकाला परत पाठवणे तुम्हाला जड जाते आणि ते बरोबरच आहे. पण तो माणूस ओसरीवर का येतो ते पाहा. सकाळी आठ ते दीड तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रकवर किंवा कोणाच्या तरी बागायतीत कामाला असतो. शाळेची भेटीची वेळ नेमकी तेव्हाच. म्हणजे त्याला दुसरा दरवाजा ठेवलेलाच नाही. आठवड्यातून दोन दिवस, समजा मंगळवार आणि शुक्रवार, दीड ते अडीच ही भेटीची वेळ ठरवा, आणि महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी चार ते साडेपाच खास कामकरी पालकांसाठी. त्या शनिवारी एक शिक्षक आणि कार्यालयातले एकजण बरोबर असू द्या. वेळा फाटकावरच्या फलकावर, डायरीच्या पहिल्या पानावर आणि पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत.

एक रजिस्टर ठेवा. तारीख, नाव, मुलाची इयत्ता, विषय एका ओळीत, कोणाकडे दिला, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटी पालकाची सही. उत्तराची तारीख पाळली नाहीत तर रजिस्टर महिन्याभरात निरुपयोगी होईल आणि लोक पुन्हा ओसरीवर येतील. सगळी मदार या एका रकान्यावर आहे. तारीख देताना सात दिवसांपेक्षा लांबची देऊ नका. उत्तर "अजून झाले नाही" असे असले तरी ते त्या दिवशी कळवा.

देवळात, बाजारात, लग्नाच्या मांडवात कोणी गाठले तर एकच वाक्य तयार ठेवा, आणि ते कोंकणीतच बोला, शुद्ध मराठीत बोललात तर नोटीस दिल्यासारखे वाटते: "मंगळारा शाळेंत येयात, बसून उलोवया" (मंगळवारी शाळेत या, बसून बोलूया). पुढे काही नको. "काय झालं होतं?" असे सहज विचारलेत की वीस मिनिटे गेली, आणि वर ते बोलणे नोंदीतही नाही. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा. दारात येणाऱ्याला पहिल्या भेटतात त्या. चहा द्यावा, विचारपूस करावी, शाळेचा विषय मात्र "ती शाळेतच बोलते" म्हणून थांबवावा. खरे सांगायचे तर या कामात त्या तुमच्यापेक्षा जास्त यशस्वी होतील, कारण म्हाताऱ्या बाईला गावात कोणी उलट बोलत नाही. सुरुवातीचे दीड-दोन महिने लोक पारखून पाहतील. त्या काळात एकालाही, अगदी सरपंचांनाही, ओसरीवर शाळेचे उत्तर दिलेत तर नियम राहिला नाही असे समजा.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होत असल्याची शंका घेऊन कोणी आले, तर मंगळवार नाही, रजिस्टर नाही, रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी ऐकायचे. पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडपली तर ती एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, किती वाजता सांगितले तेही लिहा, 1098 या बालमदत क्रमांकावर मदत मिळते. आधी समितीला विचारू, गावात मिटवू, दोन्ही घरे आपलीच आहेत, असे सांगणारे पाच मिनिटांत गोळा होतील. त्यांत तुमचे दीरही असू शकतात. हा निर्णय समितीचा नाही आणि कुटुंबाचाही नाही, तो कायद्याने तुमच्यावर टाकलेला आहे.

व्हॉट्सॲपबद्दल फार लिहीत नाही. इयत्तावार गट, संदेश फक्त वर्गशिक्षक टाकू शकतील अशी सेटिंग, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा. तुम्ही सगळ्या गटांत राहा, पण उत्तर देऊ नका. एकदा मुख्याध्यापिका उत्तर देते हे कळले की वर्गशिक्षकाला कोणी विचारत नाही. तातडीसाठी तीन क्रमांक छापून द्या: बालरथ बंद पडला तर कोणाला, मूल आजारी पडले तर कोणाला, पावसाने सुट्टी जाहीर झाली तर कोण कळवणार. जुलैत वाळवंटी नदी चढली आणि साखळीकडची मुले अडकली, अशा दिवशी 214 घरांतून तुमचाच फोन वाजू लागला तर तुम्ही एकही कामाचा फोन करू शकणार नाही. म्हणून वाड्यावार एक पालक नेमा. तुम्ही सहा जणांना सांगायचे, ते पुढे सांगतील.

आमंत्रणांत एक फरक करा. जत्रा, कालो, सप्ताह, धालो, शेजारचे लग्न या ठिकाणी तुम्ही घरची म्हणून जाता. तिथे जितके जावेसे वाटते तितके जा, पण व्यासपीठावर चढू नका, नारळ-शाल घेऊ नका. मुख्याध्यापिका म्हणून जायचे कार्यक्रम वर्षाला चारच ठेवा आणि ते शाळेशी संबंधित असतील तेवढेच. बाकीच्यांना शाळेतर्फे दुसरे शिक्षक जातील. फुगडीच्या परीक्षणाला सरळ नकार द्या. तिथे उतरणाऱ्या बायका तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आया असतात, आणि तिसऱ्या क्रमांकाचा राग पुढच्या पालकसभेत निघतो.

शाळेचा हॉल, खुर्च्या, माइक तोंडी मागितले जातात, बहुधा आदल्या रात्री. लेखी अर्ज, निदान आठ दिवस आधी, समितीची मंजुरी, ठरलेली अनामत, आणि परत करताना मोजदाद करणाऱ्याचे नाव. कोणत्याही निवडणुकीची आचारसंहिता लागली की काहीही द्यायचे नाही, मग तो महिला मंडळाचा हळदीकुंकू असो. देणगी आली तर पावती त्याच दिवशी, रोख असली तरी. शाळेचा विषय ग्रामसभेत निघाला तर रविवारी तिथे उभे राहून उत्तर देऊ नका. "व्यवस्थापन लेखी उत्तर देईल" एवढे पंचांना आधी कळवा. गावात दोन पॅनेल असतात, आणि तुम्ही काय बोललात यापेक्षा कोणत्या बाजूला बसला होतात हे जास्त लक्षात राहते.

"आमच्या चेडवाचे गणित मात्शें बघ" (आमच्या मुलीचे गणित जरा बघ) म्हणून दहावीची मुले घरी येऊन बसत असतील, तर तेही थांबवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही, आणि तुम्ही पैसे घेत नाही हे गावात सगळ्यांना माहीत असतेच असे नाही. त्याऐवजी बुधवारी शाळेत शंकांचा एक तास ठेवा, सर्वांना खुला.

शाळेतल्या कामाची वाटणी करायच्या आधी दोन आठवडे नोंद ठेवा. खिशातल्या छोट्या वहीत चार रकाने पुरतात: किती वाजता, किती मिनिटे, कोणी आणले, माझ्याशिवाय झाले असते का. चौथा रकाना त्याच वेळी भरा. संध्याकाळी भरलात तर सगळीकडे "नाही" येईल, कारण तेव्हा दमलेल्या माणसाला आपण अपरिहार्य वाटतो.

नोंद झाल्यावर दिसेल की वेतनबिले, अनुदानाचे कागद, सेवापुस्तके, दाखले, निकालपत्रक, गंभीर शिस्तभंग आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, एवढ्याला तुमची सही आणि तुमचे डोके दोन्ही लागते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीकोशात माहिती भरणे, बालरथ, माध्यान्ह आहार, क्रीडा, शिष्यवृत्तीचे अर्ज यांना शेवटी सही लागते, डोके दुसऱ्याचे चालते. ही कामे देताना जी चूक बहुतेक ठिकाणी होते ती अशी: काम दिले जाते, अधिकार दिला जात नाही. बालरथ पाहणाऱ्या सरांना टायर पंक्चर झाला म्हणून तुम्हाला फोन करावा लागत असेल, तर बालरथ अजून तुमच्याकडेच आहे. आदेश लेखी द्या. त्यात काम, हजार-दीड हजारापर्यंत पावतीवर खर्च करायची मुभा, कोणत्या तीन प्रसंगी तुम्हाला कळवायचेच, आणि आढाव्याचा दिवस. ज्याला काम दिले त्याचे आठवड्याचे एक-दोन तास कमी करा, नाहीतर पुढच्या सत्रात तो ते परत आणून देईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

माध्यान्ह आहाराबाबत मात्र एक सांगणे. वाढण्याआधी चव घेऊन नोंद करण्याचे काम दोन शिक्षकांकडे आळीपाळीने द्या, पण आठवड्यातून एकदा न सांगता तुम्ही स्वतः चव घ्या. पाव शिळा आहे का, उसळीला वास येतो का हे वहीतून कळत नाही.

कालपर्यंत स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी आज तुमच्या हाताखाली आहेत. चहा त्यांच्याबरोबरच घ्या, फक्त मस्टर दहा मिनिटांनी सर्वांचे बंद होईल, तुमच्या जवळच्या मैत्रिणीचेही.

घराकडे येऊ. 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, त्यामुळे निकाल आणि नवे वर्ष एकमेकांवर येते आणि मुख्याध्यापकांना पूर्वी मिळणारा एप्रिलचा मोकळा श्वास गेला. म्हणून वर्षाचे जड आठवडे आधीच कालनिर्णयावर लाल करून ठेवा: एप्रिल, जूनचा पहिला पंधरवडा, सत्र परीक्षा, डिसेंबरचे स्नेहसंमेलन, दहावीच्या आधीचे तीन आठवडे. त्या आठवड्यांत सासूबाईंच्या डॉक्टरची तारीख, पाहुणे, घराची रंगरंगोटी काही घेऊ नका. यजमानांची शिफ्टची यादी त्याच कॅलेंडरवर लिहा. दर रविवारी रात्री वीस मिनिटे दोघांनी बसून पुढचा आठवडा पाहायचा: सासूबाईंना कोण नेणार, मुलीला आणायचे असेल तर कोण, कोणत्या दोन रात्री स्वयंपाक यजमानांचा किंवा जाऊबाईंचा.

मंगळवार-शुक्रवारची भेटीची वेळ सोडली, तर दुपारी दोन ते चार तुम्ही कोणालाच उपलब्ध नाही असे ठरवा. जेवण, अर्धा तास पाठ टेकणे, मुलीबरोबर बसणे. त्या वेळी तिला शाळेबद्दल विचारू नका. तिला तिच्या आईशी बोलायचे असते, आणि "आज गणिताच्या तासाला काय झालं?" या प्रश्नात तिला हेडमिस्ट्रेस ऐकू येते. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत शाळेचा फोन दिवसाआड एकेका ज्येष्ठ शिक्षकाकडे द्या आणि तसे परिपत्रक काढा. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना कानाला फोन लावून उभ्या राहिलात, तर दीर, जाऊ, सासू सगळ्यांना सुट्टीतही शाळाच दिसते आणि मग तेही त्याबद्दलच बोलतात.

हे सगळे एकदम काढू नका. दोन आठवड्यांची नोंद उद्यापासून सुरू करा. ती चालू असतानाच यजमानांना दिरांशी बोलू द्या. तिसऱ्या आठवड्यात समितीला पत्र, आणि त्याच बैठकीत भेटीच्या वेळांना मंजुरी घ्या, म्हणजे त्या "मुख्याध्यापिकेच्या" न राहता "शाळेच्या" वेळा होतील. स्पर्धांची पद्धत पुढच्या स्पर्धेच्या आधी, गणिताची अदलाबदल नव्या वेळापत्रकात. समितीने पत्र नोंदवून घ्यायला टाळाटाळ केली, तर ते स्पीड पोस्टाने अध्यक्षांच्या नावे शाळेच्याच पत्त्यावर पाठवा. पोचपावती फाइलला लावा आणि तुमच्यापुरते त्या पत्राप्रमाणे वागायला त्याच दिवसापासून सुरुवात करा.